मुकादमाचा बंगला

मोठ्या काकांनी केलेलं कपाट न्यायला गिऱ्हाईक आलं, की एक खेळ ठरलेला असायचा. काका हात पुसत म्हणायचे, "वरचा खण लावा बघू जरा." गिऱ्हाईक खण आत ढकलायचं आणि खालचा खण, कुणी हात न लावता, बोटभर बाहेर यायचा. गिऱ्हाईक दचकायचं. मग खालचा लावून बघायचं, तर वरचा बाहेर. काका कारण सांगायचे नाहीत. "ही माझी सही," एवढंच म्हणायचे.

"एवढी सही चेकवर केली असती तर," मशीनवर उशीचा अभ्रा शिवता शिवता काकू म्हणायची, आणि पुढचं वाक्य मशीनच्या आवाजात बुडवून टाकायची.

खाली काकांचं वर्कशॉप आणि वर आमचं घर. आई-बाबा नोकरीसाठी दुसऱ्या गावी असतात, त्यामुळे कॉलेजपासून मी काका-काकूंकडेच आहे. सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतली आणि आता दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत जाते. दुपारी परतले की जिना चढण्याआधी वर्कशॉपमध्ये डोकावल्याशिवाय मला राहवत नाही. एका कोपऱ्यात काकू सोफ्याच्या गाद्या शिवत असते, मध्ये काका रंधा मारत असतात आणि दोघांच्या बरोबर मध्ये, ढलप्यांच्या ढिगाशेजारी, मुकादम बसलेला असतो.

मुकादम म्हणजे ससा. करड्या रंगाचा, पुढचे दोन्ही पंजे पांढरे, मोजे घातल्यासारखे. एका जोडप्यानं काकांकडून पुस्तकांचं कपाट करून घेतलं होतं. गाव सोडताना ते कपाट घेऊन गेले आणि ससा "दोनच दिवस सांभाळा" म्हणून ठेवून गेले. ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत. दिवसभर स्वतः काडी हलवायची नाही आणि मागच्या पायांवर बसून इतरांचं काम बघायचं, या सवयीमुळे त्याला हे नाव पडलं. करवतीचा आवाज फारच झाला तर तो मागचा पाय जमिनीवर दणकन आपटायचा. काका लगेच यंत्र बंद करायचे.

"मी गेली कित्येक वर्षं सांगतेय आवाज कमी करा," काकू म्हणायची. "मी पाय आपटायला हवा होता."

मुकादम रात्री फळांच्या एका जुन्या खोक्यात झोपायचा. पट्ट्या ठोकलेलं खोकं, दोन पट्ट्यांमध्ये सहज हात जाईल एवढी फट. थंडी पडायला लागली तसं काकांना ते खोकं बघवेना. "माझ्या वर्कशॉपमध्ये राहतो आणि असल्या खोक्यात झोपतो? लोक काय म्हणतील?" असं म्हणून त्यांनी गिऱ्हाइकाची कामं बाजूला सारली आणि मुकादमाला घर करायला घेतलं.

घर कसलं, बंगलाच तो. उत्तम लाकूड, घासून घासून गुळगुळीत केलेलं. समोर काचेचं दार, म्हणजे आत कसा झोपलाय ते दिसावं. तळाला पत्रा लावलेला ट्रे, लघवी लाकडात मुरू नये म्हणून. ट्रेच्या वर गवत ठेवायला एक लहानसा खण, बाहेरून ओढायचा. थंडीचं म्हणून काकूनं दाराच्या चारी कडांना जाड फेल्टची पट्टी शिवून चिकटवली. मीसुद्धा सशांना थंड वाऱ्याचा झोत चालत नाही असं कुठेतरी वाचलेलं सांगून टाकलं. काकांनी दार लावलं आणि गवताचा खण आपणहून बोटभर बाहेर आला.

"सही झाली," काकू म्हणाली.

काकांनी खण आत सारला, दार उघडलं, पुन्हा लावलं. खण पुन्हा बाहेर. पुढचे काही दिवस जो येईल त्याला हा प्रयोग दाखवला जात होता. काकूला तर बंगल्याची दुसरीच गोष्ट आवडली होती. "खोक्याचा सकाळी कसला वास यायचा! आता नाकाला पत्ता नाही. ट्रे चार दिवस नाही धुतला तरी कळत नाही."

मुकादमानं बंगल्यात राहायला सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत त्याला शिंका येऊ लागल्या.

सशाची शिंक फार लहान असते. कुणीतरी कागद फाडला असं वाटतं. आधी आम्ही हसलो. "बंगल्यात राहायला गेलं की साहेबांना सर्दीसुद्धा होते," काका म्हणाले. मग मी एका सकाळी त्याला मांडीवर घेतला आणि त्याच्या पुढच्या पायांकडे माझं लक्ष गेलं. बाहेरून पंजे पांढरे स्वच्छ होते, पण आतल्या बाजूनं केस ओले, चिकट आणि गुठळ्या झालेले. वाळलेल्या पेस्टसारखे.

"काकू, हे बघ."

काकूनं चष्मा कपाळावरून खाली ओढला. "काहीतरी सांडलंय त्याच्यावर. सरस असेल."

"सरस नाही, नाक आहे. तो पुढच्या पायांनी नाक पुसतोय."

"अगं बाई! म्हणजे बाहीला नाक पुसतोय. तूही लहानपणी तेच करायचीस." काकूनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "रुमाल तरी कुठून आणणार बिचारा?"

मी त्याचं नाक नीट पाहिलं. एरवी सशाचं नाक सारखं थरथरत असतं. आत्ता ते जरा जोरात चाललं होतं आणि कडेला पांढरट ओल होती. एका डोळ्याखाली केस भिजलेले. आजारी ससा आजारी असल्याचं दाखवत नाही, कारण जंगलात जो आजारी दिसतो तोच आधी खाल्ला जातो. त्यामुळे जे दिसतंय त्यापेक्षा जास्त काहीतरी असणार, असं माझ्या मनात आलं. पण मनात येणं वेगळं आणि त्यातलं कळणं वेगळं. माझी ओळख जंतूंशी, सशाशी नव्हे.

काकू तेवढ्यात वर जाऊन औषधांचा डबा घेऊन आली. "माझ्या खोकल्याच्या कॅप्सूल उरल्यात. अर्धी पाण्यातून दिली तर?"

"काकू, नको!" मी डबा जवळजवळ हिसकावून घेतला. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीसुद्धा नाही."

"बरं बाई. शास्त्रज्ञ घरात असल्यावर आमचं कोण ऐकणार?"

प्राण्यांच्या डॉक्टर जवळच्याच रस्त्यावर बसतात. बाई मध्यम वयाच्या, मोजकं बोलणाऱ्या, हात मात्र अतिशय मऊ. काकांनी छिद्रांच्या टोपलीतून मुकादमाला टेबलावर ठेवलं आणि स्वतः टेबलाला चिकटून उभे राहिले. बाईंनी आधी त्याला हातही लावला नाही. नुसत्या बघत राहिल्या, श्वास मोजत असाव्यात. मग नाक, डोळे, पुढच्या पायांची आतली बाजू. तोंडात छोटा दिवा घालून दात बघितले, कारण म्हणे दातांची मुळं वर वाढली तरी नाक वाहतं. छातीवर दोन्ही बाजूंनी नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"छाती अजून स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. काकांनी इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कापूस हलला. "दुखणं नाकात आहे. जेवतोय का?"

"जेवतो, पण पहिल्यासारखा तुटून पडत नाही," काका म्हणाले.

"लेंड्या?"

काका माझ्याकडे बघायला लागले. "जरा लहान झाल्यात," मी सांगितलं.

"लक्ष ठेवा. सशाचं पोट सतत चालू लागतं. नाक बंद झालं की वास येत नाही, वास नाही म्हणून खात नाही, खात नाही म्हणून पोट थांबतं. पुष्कळदा ससा सर्दीनं जात नाही, पोट थांबल्यानं जातो. अर्धा दिवस तोंडाला काही लावलं नाही तर मला फोन करायचा, उद्या बघू म्हणायचं नाही. आणि दुसरं म्हणजे ससा नाकानंच श्वास घेतो. मान वर करून, तोंड उघडून श्वास घ्यायला लागला, तर समजा अगदी गळ्याशी आलंय. तेव्हा फोनसुद्धा करू नका. सरळ घेऊन या."

काकूनं कॅप्सूलची गोष्ट सांगून टाकली. तिच्या पोटात काही राहत नाही.

"हिचे उपकार माना," बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "माणसाची काही औषधं सशाच्या पोटातले चांगले जंतू मारतात. ज्यांच्या जिवावर तो गवत पचवतो तेच गेले, तर तो कसा राहील? सर्दी बरी होईल, ससा नसेल."

 नंतर घरी जाऊन काकूनं त्या कॅप्सूल कचऱ्यात टाकल्या, आणि पुन्हा कचऱ्यातून काढून वेगळ्या पुडीत बांधून टाकल्या.

बाईंनी बारीक काडीनं नाकातला नमुना घेतला आणि तो वाढवून बघायला पाठवला. मला समजावताना त्यांचा चेहरा जरा खुलला. या सर्दीचे जंतू पुष्कळ सशांच्या नाकात आधीपासूनच असतात, निमूटपणे. काहीतरी त्रास झाला, नाकाचं अस्तर दुखावलं, की ते डोकं वर काढतात. "म्हणून मला जंतूपेक्षा त्रास कुठला हे शोधायला आवडतं," त्या म्हणाल्या. "राहतो कुठे हा?"

"माझ्या वर्कशॉपमध्ये. मी लाकूडकाम करतो," काका म्हणाले.

"हवा खेळती आहे ना?"

"शटर दिवसभर सताड उघडं असतं. आणि झोपायला मी स्वतः घर केलंय. वाऱ्याची झुळूक लागत नाही त्याला."

"झोत नकोच. आणि भुसा उडतो?"

काकांचा चेहरा पडला. लाकूडकामात भुसा उडतो का, हा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता.

"उडतो," ते म्हणाले.

"मग त्याला भुशापासून लांब ठेवा."

घरी आल्याबरोबर काकांनी करवतीचं यंत्र उचलून मागच्या अंगणात, पत्र्याखाली नेलं. तिथे थंडी मी म्हणत होती. कानटोपी घालून काका फळ्या कापायचे, आत आणून जोडायचे. काम रेंगाळलं. गिऱ्हाईक विचारायला आलं की काकू सांगायची, "मुकादम आजारी आहेत, त्यामुळे कामगार बाहेर बसलेत." गिऱ्हाइकाला काही कळायचं नाही.

मुकादमाची ढिगाशेजारची जागा गेली. भुशाचा कणही लागू नये म्हणून तो आता दिवसासुद्धा बंगल्यातच, काचेचं दार लावून. तो आतून काकांकडे बघायचा आणि काका बाहेरून त्याच्याकडे.

औषध द्यायचं काम काकांचं. बाईंनी बिनसुईची लहान सिरिंज दिली होती. काकांच्या हातांनी आजवर पटाशी आणि कानस धरलेली. मुकादमाला टॉवेलमध्ये गुंडाळून, फक्त डोकं बाहेर ठेवून, गालाच्या कडेनं थेंब थेंब औषध सोडताना ते श्वास रोखून धरायचे. "गिळ रे राजा. हां. आता अजून एक. काकूला सांगत नाही मी, पण हे तिच्या काढ्यापेक्षा गोड आहे."

"ऐकू येतंय मला," काकू मशीनवरून म्हणायची.

मी कोमट पाण्यात कापूस भिजवून त्याचं नाक आणि पुढचे पाय पुसायचे. काकू गाजराचा पाला हातात धरून बसायची. त्यानं एक पान ओढलं की तिचा जीव भांड्यात पडायचा.

सुरुवातीला वाटलं, उतार पडतोय. मग तो थांबला. शिंका वाढल्या. दोन्ही डोळे वाहायला लागले. औषध वेळेवर जात होतं, नमुन्याचा निकाल आला होता आणि त्याप्रमाणे औषध योग्यच होतं, भुसा तर आता वर्कशॉपमध्ये औषधालासुद्धा सापडला नसता. मला उलगडा होईना. काका फक्त अंगणातून येताना दारातच कपडे झटकायचे, आणि मग पुन्हा एकदा झटकायचे.

एका सकाळी मी दात घासत होते. काका जिना चढून वर आले, अनवाणी. त्यांना अनवाणी मी कधी बघितलेलं नव्हतं. वर्कशॉपमध्ये खिळे असतात.

"खाली ये," ते म्हणाले. "मान वर केलीये त्यानं."

मुकादम बंगल्याच्या कोपऱ्यात बसला होता, नाक छताकडे, नाकपुड्या ताणलेल्या. रात्रीचं गवत तसंच होतं. आम्ही फोन केला नाही. काकांनी त्याला टोपलीत ठेवलं, टोपली छातीशी धरली आणि चालायला लागले. मी मागून त्यांच्या चपला घेऊन धावत होते. रस्त्यात गार वारा होता. मी शाल टोपलीवर टाकणार, तोच काका म्हणाले, "नको, श्वास घेऊ दे त्याला."

बाईंनी त्याला ऑक्सिजनच्या पारदर्शक पेटीत ठेवलं. मग काही विचारलंच नाही, कामाला लागल्या. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. काकू मागून आली, काकांच्या पायांकडे बघितलं, माझ्या हातातल्या चपला घेऊन त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी घातल्या नाहीत.

"दोन दिवस सांभाळा म्हणाले होते ते," काका टोपलीच्या कडीशी चाळा करत म्हणाले. "दोन दिवसच सांभाळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाकडे असता, तर भुसा नसता."

"दुसऱ्या कुणाकडे असता तर बंगला नसता," काकू म्हणाली. "उगाच काहीतरी बोलू नका. पाय आपटेल तो."

मुकादमाचा दिवस निभावला. बाईंनी त्याला ठेवून घेतलं. आम्ही रोज बघायला जायचो, तिघंही, पाळीपाळीनं ठरवूनसुद्धा तिघंही. त्याचा श्वास खाली आला. डोळे सुकले. मग एकदा आम्ही गेलो तेव्हा तो मागच्या पायांवर बसून शेजारच्या पिंजऱ्यातल्या मांजराच्या पट्ट्या बदलणं बघत होता.

"देखरेख चालू झाली," काका म्हणाले आणि रुमालात नाक शिंकरलं, बराच वेळ.

बाईंनी मात्र आम्हाला आत बोलावलं. "आता नीट ऐका. औषध तेच आहे. इथे गुण येतोय, तुमच्याकडे येत नव्हता. म्हणजे औषधात खोट नाही. तुमच्याकडे काहीतरी आहे, आणि ते भुशापेक्षा वेगळं आहे. ते सापडेपर्यंत मी याला घरी सोडणार नाही. असा झटका पुन्हा आला तर त्याला झेपणार नाही."

"आणि सापडलंच नाही तर?" काकांनी विचारलं.

बाईंनी गळ्यातली नळी काढून टेबलावर ठेवली. "मग त्याच्यासाठी दुसरं घर बघावं लागेल."

आम्ही घरी परतलो. काका अंगणात जाऊन फळी कापायला लागले, पण करवतीचा आवाज मध्येच बंद पडायचा आणि बराच वेळ सुरू व्हायचा नाही.

मी वर्कशॉपमध्ये ढलप्यांच्या ढिगाशेजारी, मुकादमाच्या जागी बसले आणि आठवायला लागले. आजारी पडल्यावर सुरुवातीला तो दिवसभर इथे बसायचा, भुशात. संध्याकाळी त्याला मांडीवर घ्यायचे तेव्हा नाक कोरडं असायचं. सकाळी मात्र पाय चिकट, डोळे ओले. म्हणजे दिवसा सुधारायचा, रात्रीत बिघडायचा. भुसा दोषी असता तर उलटं व्हायला हवं होतं. भुशापासून लांब म्हणून आम्ही दिवसासुद्धा दार लावलं आणि तेव्हापासून तो दिवसाही सुधारेना.

समोर बंगला होता. त्या सकाळच्या घाईत तो कुणी साफ केलाच नव्हता. ट्रे तसाच होता. निदान तेवढं तरी करू म्हणून मी दार उघडलं. काम करायला झाडू जवळ नव्हता, म्हणून दार पुन्हा लावलं आणि उठले.

गवताचा खण आपणहून बोटभर बाहेर आला.

मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. तो खेळ मी शंभरदा तरी बघितला असेन. मग गुडघ्यांवर बसले, दार उघडून सशाच्या उंचीला, ट्रेच्या जवळ तोंड नेलं आणि श्वास घेतला. डोळ्यांतून पाणी आलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत अमोनियाच्या बाटलीचं बूच काढलं की असं व्हायचं. लघवी साचली की त्यातून तोच वायू निघतो. माणूस उभा असतो, त्याचं नाक वर असतं. ससा त्यातच झोपतो. आणि बाहेर वास येत नाही याचा अर्थ वास नाही असा होत नाही. तो आतच राहतो.

हे काकांना कसं सांगायचं? त्यांच्या हातून झालेलं सर्वांत प्रेमाचं काम होतं ते. मी अंगणात गेले.

"काका, एक मिनिट आत येता? बंगल्याचं दार लावून दाखवा ना."

"आत्ता?"

"आत्ताच."

कानटोपी काढत ते आत आले. मशीनवरून काकूनं मान वर केली. काकांनी दार लावलं. खण बाहेर आला. एवढ्या दुःखातही त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी खुशी क्षणभर येऊन गेली.

"हा खण कशानं बाहेर येतो, काका? तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत."

"सांगायचंय काय त्यात? दार लावताना हवा आत कोंडते. एवढीशीही फट मी ठेवलेली नाही. तिला जायला दुसरी वाटच नसते, मग ती खणाला—"

ते थांबले.

 काकूचं मशीन बंद होतं. काकांनी दार उघडलं, कानटोपी हातात चुरगळत गुडघ्यांवर बसले, खांद्यापर्यंत आत शिरले आणि लगेच खोकत बाहेर आले. डोळे लाल.

"यात होता तो," ते म्हणाले. "रात्रभर."

"आणि मीच म्हणत होते, वास नाही, वास नाही," काकू म्हणाली. ती उठून आली होती. "ट्रे चार दिवस नाही धुतला तरी चालतो म्हणत होते." तिनं दाराच्या कडेच्या फेल्टवरून बोट फिरवलं, आपणच चिकटवलेल्या. "अहो, मी तर वरून चादर घालायच्या बेतात होते."

माझ्याकडे डेअरीतून आणलेला लाल लिटमस कागद होता. मी एक पट्टी ओली करून दाराच्या आत अडकवली आणि दार लावलं. थोड्याच वेळात काचेतून ती निळी झालेली दिसली. काका तिच्याकडे बघत राहिले. आपण मारलेली रेघ चुकली आहे का, ते काटकोनाचा गुण्या लावून बघताना असतो तसा त्यांचा चेहरा होता.

"खोक्यात बरा होता की गं तो," ते म्हणाले. "फटी होत्या त्याला."

मला वाटलं, आता बंगला मोडून टाकतील. काकूलाही तेच वाटलं असावं, ती म्हणाली, "फोडू नका हं. इतका छान झालाय."

"फोडतोय कशाला?" काकांनी कानामागची पेन्सिल काढली. "चुकलंय तेवढं दुरुस्त करायचं. तू सांग गं शास्त्रज्ञ. झोत अंगावर येता कामा नये आणि कोंडलेलं बाहेर गेलं पाहिजे. भोकं कुठे पाडायची?"

मग आम्ही तिघं बंगल्याभोवती बसलो. मी डॉक्टरबाईंना फोन लावून विचारत होते, काका लाकडावर खुणा करत होते. समोरासमोरच्या दोन भिंतींत रुंद जाळ्या, तो बसतो त्या कोपऱ्यापासून दूर. छताला उतरता झरोका. काचेऐवजी दाराला जाळी. काकूनं शिवण उसवायच्या हत्यारानं फेल्ट काढली, धागा न तोडता, जशी गिऱ्हाइकाची जुनी गादी उसवते तशी. काकांनी ती गुळगुळीत, एकही ओरखडा नसलेली लाकडी बाजू ड्रिलखाली धरली. ड्रिल सुरू करण्याआधी एकदा तिच्यावरून तळहात फिरवला. ट्रे त्यांनी हलका केला, रोज ओढून धुता येईल असा. "रोज मी धुणार," ते म्हणाले. "यात कुणी हात घालायचा नाही."

"घालतंय कोण?" काकू म्हणाली.

सगळं झाल्यावर त्यांनी दार लावलं. आम्ही खणाकडे बघत होतो. खण जागचा हलला नाही. त्यांनी दार उघडून पुन्हा लावलं, या वेळी जोरात. खण तसाच. काकांनी मान डोलावली. कपाट विकलं जाताना ज्या समाधानानं डोलवायचे, त्याच.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः येऊन बघून गेल्या. खाली वाकून, ट्रेपाशी नाक नेऊन. "घेऊन जा तुमचा ससा," म्हणाल्या. पण जाताना हेही सांगून गेल्या, की ही सर्दी पूर्ण जातेच असं नाही. जंतू नाकात राहतात, दबून. हवा चांगली ठेवा, धूळरहित गवत घाला, पुढच्या पायांवर नजर ठेवा.

करवत अंगणातच राहिली. पत्र्याला काकांनी दोन बाजूंनी आडोसा केला. मुकादमाला ढिगाशेजारची जागा परत मिळाली, फक्त ढीग आता रोज झाडला जातो. त्याच्याकडे बघताना मला पहिल्यासारखं हसू येतं, पण आधी डोळे पंजांकडे जातात.

परवा एक गिऱ्हाईक कपाट न्यायला आलं. नेहमीचा खेळ झाला. वरचा लावला, खालचा बाहेर आला. गिऱ्हाईक खूश. त्याची नजर बंगल्याकडे गेली, म्हणून त्यानं हौसेनं त्याचंही दार लावून बघितलं. खण हलला नाही. पुन्हा लावलं.

"याचा नाही येत?" तो म्हणाला. "हे काम तुमचं नाही वाटतं."

मला वाटलं, काकांना लागेल. त्यांनी रंधा खाली ठेवला.

"माझंच आहे," ते म्हणाले. "यात मी मुद्दाम फटी ठेवल्यात. फट न ठेवणं माझ्या हाताला सवयीचं आहे हो. ठेवायला शिकायला या वयात मुकादम लागला."

गिऱ्हाइकाला काहीच कळलं नाही. तेवढ्यात ढिगाशेजारून कागद फाटल्यासारखा एक बारीक आवाज आला. काकूचं मशीन थांबलं. काकांचा हात हवेत राहिला. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवरून परत फिरले. आम्ही तिघंही एकाच वेळी मुकादमासमोर वाकलो आणि काकांनी त्याचे दोन्ही पांढरे पंजे हळूच उलटे करून आतून बघितले.

कोरडे होते.

मुकादमानं पंजे सोडवून घेतले आणि मागचा पाय जमिनीवर दणकन आपटला.